एक पेला पाणी आणि सात शास्त्रें

उन्हाळ्याच्या सुटीपूर्वींची गोष्ट. दुपारच्या तासाला इयत्ता आठवीचा वर्ग जरा पेंगुळलेला दिसला, म्हणून आम्हीं हातांतील पुस्तक मिटलें, कोपऱ्यांतील माठांतून पेलाभर पाणी घेतलें आणि तो पेला टेबलावर ठेवून मुलांस विचारलें, "हा विषय कोणत्या शास्त्राचा?" पहिल्या बांकावरील मुलीनें तत्काळ उत्तर दिलें, "रसायनशास्त्राचा. कारण पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचें बनलेलें आहे." दुसरा म्हणाला, "भूगोलाचा. कारण पाणी पावसापासून मिळतें." तिसऱ्यानें जीवशास्त्राचें नांव घेतलें. इतक्यांत मागील बांकावरून हळूच आवाज आला, "सर, मला तहान लागली आहे. हा विषय माझा आहे!" वर्ग हंसला, आम्हीही हंसलों, आणि तो पेला त्या मुलास देऊन टाकला. परंतु घरीं जातां जातां आमच्या मनांत आलें कीं, चौघांचींही उत्तरें खरीं होतीं, आणि शेवटचें उत्तर सर्वांत खरें होतें.

विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या वेळापत्रकांत आपण ज्ञानाचे तुकडे करतों. सोमवारीं पदार्थविज्ञान, मंगळवारीं रसायन, बुधवारीं जीवशास्त्र. शिकण्याच्या सोयीसाठीं हे तुकडे करावेच लागतात. पण सृष्टि आपलें वेळापत्रक पाळीत नाहीं. पाण्याचा एकच थेंब एकाच क्षणीं सर्व शास्त्रांचे नियम पाळीत असतो. सामान्य ज्ञानाच्या परीक्षेसाठीं सुटीं सुटीं उत्तरें पाठ करणाऱ्यांच्या ध्यानांत ही गोष्ट येत नाहीं. मग ते ज्ञान परीक्षेच्या दिवशींच मावळतें. म्हणून या लेखांत आम्ही तोच एक पेला सात शास्त्रांपुढें ठेवणार आहों. सातवें शास्त्र आम्हीं मुद्दाम शेवटीं ठेविलें आहे, कारण तेथें प्रश्न गुणांचा नसून प्राणांचा आहे. तो भाग पालकांनींही वाचावा, अशी आमची विनंती आहे.

१. पदार्थविज्ञान

पहिला प्रश्न पेल्याला हात लावतांच सुचतो. खोलींतील हवा तापलेली असतां माठांतील पाणी गार कसें? पुष्कळ मुलें म्हणतात, "माती थंड असते म्हणून." तसें असतें तर झिलई दिलेल्या चिनी मातीच्या बरणींतही पाणी गार झालें असतें, पण तें होत नाहीं. खरें कारण माठाच्या अंगावरील सूक्ष्म छिद्रें हें आहे. त्यांतून पाणी बाहेर झिरपतें आणि त्याची वाफ होऊन ती हवेंत उडून जाते. पाण्याची वाफ होण्यास फार उष्णता लागते. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून शंभर अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास सुमारें १०० कॅलरी पुरतात. पण त्याच एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारें ५४० कॅलरी खर्च होतात! माठावरील ओल ही उष्णता बरीचशी माठापासून आणि आंतील पाण्यापासून घेते, म्हणून तें गार होतें. आपल्या अंगावरील घाम हेंच काम करतो. पावसाळ्यांत हवा आधींच दमट असल्यामुळें वाफ मंद गतीनें होते. म्हणून त्या दिवसांत माठांतील पाणी फारसें गार होत नाहीं.

दुसरी गोष्ट बर्फाची. बहुतेक पदार्थ थंड होतांना आकसतात. पाणीही आकसतें, पण केवळ ४ अंशांपर्यंत. त्याखालीं तें पुन्हां फुगूं लागतें, आणि गोठतांना तर त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें. म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो, आणि पाण्यानें गच्च भरलेली कांचेची बाटली बर्फाच्या कपाटांत ठेवली तर ती तडकते. ही साधी गोष्ट किती महत्त्वाची आहे, हें पाहा. कडक हिवाळ्यांत काश्मिरांतील दल सरोवराचा पृष्ठभाग गोठतो, पण त्या बर्फाच्या पांघरुणाखालीं पाणी द्रवरूप राहतें आणि मासे जिवंत राहतात. बर्फ जड असता तर तो तळाशीं बसत गेला असता आणि थंड प्रदेशांतील तळीं तळापासून गोठत आलीं असतीं. आम्हां श्रद्धावंतांस येथें निर्मात्याची योजना दिसते; परंतु श्रद्धावंतानें "देवानें केलें" एवढें म्हणून थांबूं नये, "कसें केलें" हेंही शोधावें. तोही भक्तीचाच एक मार्ग आहे.

तिसरी गोष्ट उकळण्याची. पाणी १०० अंशांवर उकळतें हें आपण पाठ करतों. पण हें समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाला लागू आहे. उंचावर दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळूं लागतें. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३०० मीटरांहून अधिक उंच आहे. तेथें पाणी सुमारें ९५-९६ अंशांवरच उकळतें, म्हणून उघड्या पातेल्यांतील डाळ शिजण्यास जास्त वेळ लागतो. उलट प्रेशर कुकरमध्यें वाफ कोंडून दाब वाढवितात. तेथें पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें आणि डाळ लवकर शिजते. आईच्या स्वयंपाकघरांत पदार्थविज्ञानाचा तास रोजच चालूं असतो!

२. रसायनशास्त्र

प्राचीन काळीं आपल्याकडे पंचमहाभूतांत व ग्रीक लोकांकडे चार तत्त्वांत पाण्याची गणना होत असे. म्हणजे पाणी हें मूळ द्रव्य, तें फोडतां येणार नाहीं, अशी समजूत होती. ही समजूत अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली. त्या शतकाच्या नवव्या दशकांत हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज संशोधकानें असें दाखविलें कीं, हायड्रोजन वायु हवेंत जाळला असतां पाणी तयार होतें. फ्रान्समध्यें लाव्हाझिए यानें या प्रयोगाचा खरा अर्थ लाविला: पाणी हें मूलद्रव्य नसून दोन वायूंचें संयुग आहे. पुढें इ. स. १८०० मध्यें निकल्सन आणि कार्लाइल यांनीं विजेच्या प्रवाहानें पाणी फोडून ते दोन वायु पुन्हां वेगळे केले. आकारमानानें पाहिलें तर हायड्रोजन दोन भाग आणि ऑक्सिजन एक भाग. वजनानें पाहिलें तर हायड्रोजन एक भाग आणि ऑक्सिजन आठ भाग.

येथें क्षणभर थांबून विचार करा. हायड्रोजन स्वतः जळतो. ऑक्सिजन, ज्यास आपण प्राणवायु म्हणतों, तो इतर पदार्थांस जळण्यास साहाय्य करतो. आणि या दोघांच्या संयोगानें झालेलें पाणी आग विझवितें! घटकांचे गुण म्हणजे संयुगाचे गुण नव्हेत, हा रसायनशास्त्राचा पहिला धडा याहून चांगल्या उदाहरणानें शिकवितां येणार नाहीं.

पाण्याचा दुसरा रासायनिक गुण असा कीं, तें पुष्कळ पदार्थ आपल्यांत विरघळवून घेतें. त्यामुळें निसर्गांत अगदीं निर्भेळ पाणी जवळजवळ मिळतच नाहीं. कांहीं विहिरींच्या पाण्यांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. त्या पाण्यांत साबणाचा फेस होत नाहीं आणि डाळही नीट शिजत नाहीं. त्यास आपण जड पाणी म्हणतों.

पावसाळ्यांत नदीचें पाणी गढूळ होतें, तेव्हां आजी त्यांत तुरटी फिरविते. मातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांस दूर लोटणाऱ्या विद्युत्‌भारामुळें पाण्यांत तरंगत राहिलेले असतात. तुरटींतील ॲल्युमिनियम तो भार नाहींसा करतें, कण एकमेकांस चिकटून जड होतात आणि तळाशीं बसतात. पाणी नितळ होतें. पण मित्रहो, एक वाक्य येथेंच मनांत कोरून ठेवा, कारण शेवटीं आपणांस त्याची गरज लागणार आहे: नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे.

३. हवामानशास्त्र

पवित्र शास्त्रांतील उपदेशकाच्या पुस्तकांत एक जुनें आश्चर्य नमूद आहे. साऱ्या नद्या समुद्राला मिळतात, तरी समुद्र भरून वाहत नाहीं, हें कसें? याचें उत्तर हवामानशास्त्र देतें. समुद्रांत जितकें पाणी येतें, तितकेंच सूर्याच्या उष्णतेनें वाफ होऊन वर जातें. ही वाफ वाऱ्याबरोबर जमिनीवर येते, थंड होते, ढग होतात, पाऊस पडतो आणि नद्या पुन्हां समुद्राकडे धांवतात.

महाराष्ट्रांत हें चक्र डोळ्यांनीं पाहण्याची उत्तम जागा म्हणजे सह्याद्रि. नैर्ऋत्येचे वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून वर चढतात. वर चढतांना हवा प्रसरण पावते व थंड होते. थंड हवेंत तितकें बाष्प मावत नाहीं आणि धो धो पाऊस पडतो. महाबळेश्वरीं वर्षाला सरासरीनें साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घांट उतरून पूर्वेस वाईला यावें, तों तेथें हजार मिलिमीटरही पडत नाहीं! दोन्ही गांवांत अंतर तें किती. पण घांट उतरतांना हवा पुन्हां तापते आणि कोरडी होते. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. याहीपुढें पूर्वेस माणदेशांत पाण्यासाठीं जे हाल होतात, त्यांचें मूळ या पर्वताच्या उंचींत आहे. एका गांवाला पूर आणि दुसऱ्याला दुष्काळ, हा दैवाचा लहरीपणा नसून त्यामागें नियम आहे. आणि ज्याचा नियम कळला, त्याची तजवीज करतां येते.

४. भूस्तरशास्त्र

पडलेला पाऊस जातो कोठें? कांहीं वाहून जातो, कांहीं उडून जातो आणि कांहीं जमिनींत मुरतो. किती मुरेल, तें खालच्या खडकावर अवलंबून असतें. दख्खनच्या पठाराचा पुष्कळसा भाग सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून वर आलेल्या लाव्हारसाच्या थरांवर थर बसून बनला आहे. तोच आपला काळा पाषाण, बेसाल्ट. अखंड बेसाल्टांत पाणी शिरत नाहीं. तें सांठतें, तें खडकाच्या भेगांत, झिजून भुसभुशीत झालेल्या थरांत आणि दोन लाव्हाथरांमधील पोकळ जागांत. म्हणून एका शेतांतील विहिरीस बारमाही पाणी आणि शेजारच्या शेतांतील विहीर कोरडी, असा प्रकार आपल्याकडे नेहमीं दिसतो. शेजाऱ्याच्या दैवाचा हेवा करण्याचें कारण नाहीं. त्याच्या विहिरीस भेग लागली, एवढेंच.

यांतून एक व्यवहारी बोध निघतो. ज्या भेगांतून पाऊस विहिरींत येतो, त्याच भेगांतून जवळच्या शौचकूपांतील किंवा उकिरड्यांतील घाणही विहिरींत येऊं शकते. वाळूच्या थरांतून जाणारें पाणी बरेंचसें गाळलें जातें. पण खडकाच्या भेगा म्हणजे गाळणी नव्हे, त्या नळ्या आहेत.

५. खगोलशास्त्र

पेलाभर पाण्याचा आकाशाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या कोळ्यास विचारा. समुद्रास दिवसांतून दोनदां भरती आणि दोनदां ओहोटी येते, आणि भरतीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटें पुढें सरकते. कारण चंद्रही रोज तितकाच उशिरा उगवतो. चंद्राच्या आकर्षणानें हें पाणी उचलतें. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य आणि चंद्र एका ओळींत येऊन दोघांचें आकर्षण एकवटतें, तेव्हां उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास तें परस्परांस मारक होतें, तेव्हां भांगाची भरती असते. कोळ्यानें न्यूटनचें नांव ऐकलेलें नसेल. पण न्यूटनचा नियम त्याच्या होडीस रोज उचलतो.

इतर गोलांवरही पाणी शोधण्याची शास्त्रज्ञांची धडपड चालूं आहे. आपल्या देशानें इ. स. २००८ मध्यें पाठविलेल्या चंद्रयान-१ या यानावरील उपकरणांनीं चंद्रपृष्ठावर पाण्याच्या अस्तित्वाचा पुरावा दिला, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट होय. परंतु पृष्ठभागावर पाण्याच्या नद्या आणि समुद्र वाहत असलेला असा दुसरा गोल सूर्यमालेंत दिसत नाहीं. पृथ्वीचा सुमारें ७१ टक्के पृष्ठभाग पाण्यानें व्यापलेला आहे. मात्र त्या साऱ्या पाण्यांतील सुमारें ९७ टक्के पाणी खारें आहे. गोड पाणी तीन टक्क्यांहून कमी, आणि त्यांतीलही दोनतृतीयांशांहून अधिक बर्फाच्या रूपानें ध्रुवांपाशीं व पर्वतांवर अडकलेलें. म्हणजे आपल्या टेबलावरील पेला जितका वाटतो तितका स्वस्त नाहीं.

६. जीवशास्त्र

मोठ्या माणसाच्या शरीराच्या वजनापैकीं सुमारें ६० टक्के पाणीच असतें. कलिंगडांत तर तें नव्वद टक्क्यांहून अधिक असतें. झाड मुळांनीं पाणी शोषतें आणि त्यांतील बहुतेक सर्व पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून वाफेच्या रूपानें सोडून देतें; वडाखालचा गारवा हा सावलीइतकाच या वाफेचाही असतो. शिवाय हिरवीं पानें सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें अन्न तयार करतात, तेव्हां जो प्राणवायु बाहेर पडतो तो पाणी फुटून निघालेला असतो. म्हणजे आपण जो श्वास घेतों, तोही एका अर्थानें पाण्याचाच प्रसाद आहे.

पाण्यांत जीव आहेत, हें प्रथम कोणी पाहिलें? हॉलंडमधील लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्यानें. स्वतःच्या हातानें घासलेल्या लहानशा भिंगांतून त्यानें सतराव्या शतकाच्या आठव्या दशकांत पाण्यांतील असे सूक्ष्म जीव पाहिले कीं, जे पूर्वीं कोणत्याही मनुष्यानें पाहिले नव्हते. तो पदवीधर नव्हता, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.

हे जीव सारेच निरुपद्रवी नसतात. आपल्या आजोबांच्या पिढीस नारू हा रोग चांगला ठाऊक होता. पायाला फोड येऊन त्यांतून दोरीसारखा लांब किडा बाहेर पडे. तो माणूस पायऱ्यांच्या विहिरींत उतरला कीं, किडा आपलीं पिल्लें पाण्यांत सोडी. तीं पिल्लें पाण्यांतील एका बारीक पिसवेसारख्या जिवाच्या पोटांत वाढत. आणि तें पाणी न गाळतां पिणाऱ्याच्या शरीरांत वर्षभरानें नवा नारू तयार होई. यावर लस निघाली नाहीं, कीं रामबाण औषध निघालें नाहीं. पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्या, पाणी कापडानें गाळण्यास लोकांस शिकविलें, आणि एवढ्यानें हा रोग हटला! भारतांतील नारूचा शेवटचा रोगी इ. स. १९९६ मध्यें राजस्थानांत आढळला आणि इ. स. २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें आपला देश नारूमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र दिलें. प्राणिशास्त्रानें किड्याचें जीवनचक्र शोधलें म्हणूनच कापडाच्या तुकड्यास हें सामर्थ्य आलें.

७. आरोग्यशास्त्र

आतां सातवें शास्त्र. इ. स. १८५४ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस लंडन शहराच्या सोहो भागांत पटकीची भयंकर सांथ उसळली. दहा दिवसांत पांचशेंवर माणसें दगावलीं. त्या काळीं पुष्कळ वैद्यांची अशी समजूत होती कीं, पटकी दुर्गंधीयुक्त हवेनें पसरते. जॉन स्नो या डॉक्टरास तें पटेना. तो घरोघर फिरला, मृत्यूंची नोंद केली आणि पाहतो तों बहुतेक मृत्यु ब्रॉड स्ट्रीटवरील एका पाण्याच्या पंपाभोंवतीं झालेले! दूरच्या भागांत राहणारी एक वृद्ध विधवाही दगावली होती; चौकशी करतां कळलें कीं, या पंपाचें पाणी तिला आवडे, म्हणून ती तें रोज मुद्दाम मागवून घेत असे. उलट पंपाजवळच्या बीअरच्या कारखान्यांतील सत्तरांवर मजुरांपैकीं पटकीनें कोणी मेला नाहीं. ते त्या पंपाचें पाणी पीतच नसत, कारखान्यास स्वतःची विहीर होती. यावरून बीअर औषधी आहे, असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये! स्नोच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर रोजीं त्या पंपाचा दांडा काढण्यांत आला. सांथ तोंवर ओसरूं लागली होती, हें खरें. पण पुढें शोध घेतां त्या विहिरीलगत एक फुटका मैलाकूप आढळला. त्या विधवेनें पाणी कां मागविलें असेल? तें गोड आणि चांगलें वाटे म्हणून. आमचें मघांचें वाक्य आठवा.

स्नोनें सूक्ष्मदर्शकानें नव्हे, तर नोंदवही आणि नकाशा यांनीं हा शोध लाविला. रोगाचा जंतु कोणता, तें इ. स. १८८४ मध्यें जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉक यानें आपल्या कलकत्त्यास राहून निश्चित केलें; तेथील तळ्याच्या पाण्यांतही त्यास तो जंतु सांपडला. त्याच कलकत्त्यांत इ. स. १९५९ मध्यें शंभुनाथ डे या भारतीय शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, हा जंतु एक विष सोडतो आणि त्या विषामुळें आंतड्यांतून पाण्याचा पूर वाहूं लागतो. म्हणजे पटकीचा रोगी शरीरांतील पाणी आणि क्षार गेल्यामुळें मरतो. तसें असेल तर उपाय काय? गेलेलें पाणी आणि क्षार परत देणें!

पण नुसतें पाणी दिलें तर आजारी आंतडें तें नीट शोषून घेत नाहीं. येथें रसायन आणि जीवशास्त्र साहाय्यास आलीं. इ. स. १९६० च्या सुमारास असें आढळलें कीं, आंतड्यांत साखर आणि मीठ हीं एकमेकांचा हात धरून आंत शिरतात आणि आपल्यामागून पाणी ओढून नेतात. इ. स. १९७१ मध्यें बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. बनगांव येथें शिरेंतून देण्याचे द्रव संपत आले, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, साखर व खाण्याचा सोडा पाण्यांत मिसळून तें नातेवाइकांच्या हातून रोग्यांस पाजविलें. मृत्यूचें प्रमाण शेंकडा सुमारें तीसवरून चारांच्याही खालीं आलें. आज जगभर लक्षावधि मुलें या साध्या पेयामुळें वांचलीं आहेत.

एक आठवण सांगितल्याशिवाय आम्हांस पुढें जाववत नाहीं. आमच्या लहानपणीं आमच्या शेजारीं एका तान्ह्या मुलास जुलाब लागले. घरची माणसें मायाळू होतीं. पण "पाणी पाजलें कीं जुलाब वाढतात" अशी त्यांची समजूत होती. म्हणून दिवसभर त्या बाळास पाण्याचा थेंबही दिला नाहीं. संध्याकाळीं दवाखान्यांत नेईपर्यंत फार उशीर झाला होता. त्या घरांत प्रेमाची उणीव नव्हती. उणीव होती ती एका लहानशा ज्ञानाची. पुढें आम्हीं शास्त्र शिकविण्याचा पेशा पत्करला, त्यामागें त्या संध्याकाळची आठवण नाहीं, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

म्हणून पालकांनीं आणि मोठ्या विद्यार्थ्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या:

पाणी नितळ दिसलें तरी संशय असेल तेव्हां उकळावें. नुसतें कोमट करून भागत नाहीं. खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तरी ठेवावें आणि झांकून निववावें.

उकळण्याची सोय नसेल तेथें निदान स्वच्छ, जुनें सुती कापड चारपदरी घडी करून त्यांतून पाणी गाळावें. बांगलादेशांतील खेड्यांत जुन्या साडीच्या घडींतून पाणी गाळल्यामुळें पटकीचें प्रमाण जवळजवळ निम्म्यानें घटलें, असें इ. स. २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. कारण पटकीचे पुष्कळ जंतु पाण्यांतील बारीक जिवांस चिकटलेले असतात आणि ते जीव कापडांत अडकतात. मात्र गाळणें हें उकळण्याच्या बरोबरीचें नव्हे.

माठांत हात बुडवूं नये. लांब दांड्याचा ओगराळा वापरावा. शौचानंतर आणि जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावे.

जुलाब लागल्यास पाणी बंद करूं नये. औषधाच्या दुकानांत किंवा सरकारी दवाखान्यांत मिळणारी क्षारसंजीवनीची पुडी तींवर लिहिल्याप्रमाणें पाण्यांत मिसळून घोट घोट पाजावी. ती न मिळाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ मिसळावें. मीठ यापेक्षां अधिक पडूं देऊं नये, तें मुलास अपायकारक होतें. तान्ह्या मुलाचें अंगावरचें दूध चालूंच ठेवावें, आणि मूल मलूल दिसलें, डोळे खोल गेले किंवा लघवी होईनाशी झाली, तर क्षणाचाही विलंब न करतां डॉक्टरांकडे न्यावें.

समारोप

आतां मागें वळून पाहूं. त्या तान्ह्या मुलास वांचवूं शकणाऱ्या पेल्यांत किती शास्त्रें एकत्र आलीं? पाणी उकळलें तें पदार्थविज्ञानाच्या नियमानें. त्यांत मीठ आणि साखर विरघळली ती रसायनाच्या नियमानें. तें आंतड्यांत शोषलें गेलें तें जीवशास्त्राच्या नियमानें. तें विहिरींत आलें, तें सह्याद्रीवरील ढगांतून आणि दख्खनच्या काळ्या खडकाच्या भेगेंतून. त्याचें आरोग्य राखलें, तें एका डॉक्टरानें घरोघर हिंडून केलेल्या नोंदींनीं आणि अशा अनेकांच्या श्रमांनीं. यांतील एकही दुवा तुटला असता तर तो पेला रिताच राहिला असता.

म्हणून मुलांनो, तुम्ही जेव्हां सामान्य ज्ञानाचें पुस्तक उघडाल, तेव्हां प्रश्नाचें उत्तर पाठ करून पुढें धांवूं नका. हें उत्तर आणखी कोणत्या उत्तराशीं जोडलेलें आहे, असें स्वतःस विचारा. येत्या सुटींत एक लहानसा प्रयोग करा. एक नवा माठ आणि एक धातूचा तांब्या पाण्यानें भरून सकाळीं सावलींत शेजारीं शेजारीं ठेवा, आणि दुपारीं दोहोंतील पाण्याची उष्णता मोजा. हाच प्रयोग पावसाळ्यांत पुन्हां करा. जो फरक दिसेल, त्याचें कारण वहींत लिहून घेऊन या. शाळा उघडल्यावर आम्ही त्या वह्या आवडीनें वाचूं.

शुभवर्तमानांत तान्हेल्या लहानग्यास पेलाभर गार पाणी देण्याच्या कृतीस मोठें मोल दिलेलें आहे. त्या काळीं प्रेमानें दिलेलें पाणी पुरेसें होतें. आज आपणांस अधिक कळतें, म्हणून आपली जबाबदारीही अधिक आहे. मागल्या बांकावरील त्या तहानलेल्या मुलास आम्हीं पेला दिला, तेव्हां तें पाणी उकळलेलें होतें किंवा कसें, याचा विचार आमच्या मनांत आला नव्हता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाळेंत येतांच आम्हीं प्रथम तो माठ पाहिला, शिपाईदादांस विचारलें, आणि पाणी रोज उकळून भरलें जातें हें कळल्यावर मगच आमचें समाधान झालें. तसेंच आपल्या घरचा माठ प्रत्येकानें आज एकदां पाहावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.